ज्वालामुखी तळ्याकाठी शनिवार-रविवारचं प्रस्तरारोहण: कातळ, दोर, बोल्ट आणि पाणी

उंचमाथा (धागाकर्ता)

सहा मित्रमैत्रिणींचा गट, दोन दिवस, ज्वालामुखी तळ्याच्या काठावरची बोल्ट मारलेली भिंत, मार्ग २५ ते ३० मीटर उंच. दोघं लीड करणारे (दोर खालून नेत, वाटेतल्या बोल्टना अडकवत चढणारे), चौघं टॉप रोपवर (आधीच वर अडकवलेल्या दोरावर) चढणारे. अशा गटाला काय काय लागतं ते एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. सामानापासून सुरुवात करतो, जिथे चुकतंय तिथे दुरुस्त करा.

डायनॅमिक (झटका सोसायला ताणले जाणारे) सिंगल रोप दोन, ९.५ ते १० मिमी जाडीचे, प्रत्येकी ७० मीटर. तीन-तीन जणांच्या दोन तुकड्या होतात: एक चढतो, एक बिले देतो (खालून दोर सांभाळून पडणाऱ्याला अडवतो), तिसरा चढणाऱ्याची गाठ आणि बिलेअरचं डिव्हाइस तपासतो आणि दोर सांभाळतो. क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायच्या कड्यांच्या जोड्या) १६. एका मार्गाला साधारण १२ पुरतात, बाकीचे अँकरसाठी (मार्गाच्या टोकाचा दोराचा आधार) आणि राखीव. प्रत्येक टॉप रोप अँकरला चार लॉकिंग कॅराबिनर (पक्क्या बंद होणाऱ्या कड्या) आणि १२० सेमीच्या दोन स्लिंग (पट्ट्यांचे फास), किंवा ७ मिमी जाडीची ६ मीटर कॉर्ड. हेल्मेट सहाच्या सहा, खाली उभं राहणाऱ्यांसाठीही. आपोआप अडवणारी बिले डिव्हाइस दोन, साधी ट्यूब दोन. प्रत्येकाकडे एक प्रुसिक (दोराला पकड घेणारा दोरीचा फास) आणि एक लॉकिंग कॅराबिनर. मार्ग अर्धवट सोडून उतरायची वेळ आली तर बोल्टवर ठेवून यायला दोन स्टीलचे मॅलियन (स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या). दोराखाली अंथरायला ताडपत्री. मऊ नायलॉनचा ब्रश, चॉक, बोटांना लावायची टेप.

कॅम आणि नट (कातळाच्या भेगेत अडकवायची, काढता येणारी उपकरणं) यादीत घेतले नाहीत, कारण भिंत बोल्टेड आहे.

भूस्तर

यादी चांगली आहे, पण यादीआधी कातळ कोणता ते बघा. ‘ज्वालामुखीचा दगड’ एवढ्याने काहीच कळत नाही. तळ्याकाठी साधारण तीन प्रकार भेटतात, आणि तिन्हींवर चढण्याची पद्धत वेगळी असते.

पहिला वेल्डेड टफ, म्हणजे इग्निंब्राइट. उद्रेकात वाहत आलेली तापलेली राख आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड) एकमेकांवर दाबून, उष्णतेने चिकटून हा दगड होतो. थराच्या मधल्या भागात उष्णता जास्त वेळ टिकते, म्हणून तिथे दगड सगळ्यात घट्ट. तळाचा आणि वरचा भाग लवकर थंड होतो, तिथे तो भुसभुशीत राहतो. चढणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: पहिले तीन-चार मीटर आणि माथ्याजवळचे शेवटचे काही मीटर यांवर सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा. नेमकं तिथेच पहिला बोल्ट लागायच्या आधीचं अंतर असतं आणि तिथेच अँकर असतो. शिवाय टफच्या पृष्ठभागावर बऱ्याचदा कडक कवच असतं आणि आतला दगड मऊ असतो. कवच फुटलं की तो होल्ड (हातापायाची पकड) भराभर झिजत जातो. म्हणून तारेचा ब्रश या दगडाला कधीच लावायचा नाही.

दुसरा बसाल्ट, बहुतेकदा स्तंभांच्या रूपात. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभ्या भेगा पडतात आणि पाच-सहा-सात बाजूंचे खांब तयार होतात. दगड घट्ट, कडा धारदार, भेगा समांतर. धोका खांबाच्या घट्टपणाचा नाही, तो मागच्या दगडाला अजून जोडलेला आहे की नाही याचा आहे.

तिसरा रायोलाइट. घट्ट असतो तेव्हा चढायला सुंदर, पण काही थरांत काचेसारखा ऑब्सिडियन असतो आणि तुटलेली कड बोट कापते.

कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅली कॅल्डेराच्या (ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खड्ड्याच्या) उद्रेकातून सुमारे ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी बिशप टफ पसरला, आणि आज ओवेन्स रिव्हर गॉर्जमधली चढाई त्याच टफवर चालते. याउलट ओरेगनच्या क्रेटर लेकच्या कड्याच्या आतल्या, तळ्याकडच्या उतारांवर चढाईला बंदी आहे, कारण तो दगड सुटा आणि ढासळता आहे. दोन्ही ठिकाणं ज्वालामुखीचीच. तेव्हा फोटोत भिंत कितीही देखणी दिसली तरी आधी दगडाची जात आणि तिथले नियम विचारा.

भेगवेडी

भूस्तर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून. भिंत स्तंभांची असेल तर कॅम वगळता येणार नाहीत, कारण अशा ठिकाणी बऱ्याचदा फक्त माथ्यावर अँकर असतो आणि मधलं संरक्षण आपलं आपण लावायचं असतं. जर्मनीत आयफेल भागात लाखर झे या ज्वालामुखी तळ्यापासून जवळच एटरिंगर लाय ही बसाल्टची जुनी खाण आहे, भेगांच्या चढाईसाठी नावाजलेली.

समांतर भेगेचा त्रास असा की रुंदी तळापासून वरपर्यंत जवळजवळ एकच राहते. सगळ्या मापांचा एकेक कॅम नेला तर त्यातला एकच उपयोगी पडतो. १२ मीटरची एकसारखी भेग असेल तर त्याच मापाचे पाच-सहा हवेत. सुरुवातीचे दोन जवळजवळ लावायचे, पुढे दोन-अडीच मीटरवर. नट अशा भेगेत क्वचितच बसतो. जिथे भेग खाली निमुळती होते तिथेच तो विश्वासाचा.

आणि खांब वाजवून बघा. बोटांच्या सांध्यांनी किंवा तळहाताने ठोकायचं आणि दुसरा हात दगडावर ठेवायचा. भरीव, आखूड आवाज ठीक. पोकळ आवाज आला किंवा दुसऱ्या हाताला थरथर जाणवली, तर त्या खांबामागे कॅम लावायचा नाही. कॅमवर जेवढा भार येतो त्याच्या साधारण दुप्पट जोराने तो भेगेच्या प्रत्येक भिंतीला बाहेर ढकलतो. सुटा खांब त्या जोराने सरकतो, भेग रुंदावते आणि कॅम निसटतो. मग खांब आणि आरोहक दोघेही खाली येतात.

दोरवाला

टफमध्ये कॅमचं आणखी एक दुखणं आहे. मऊ दगडात पाकळ्यांखालचा दगड चुरडतो आणि कॅम खाच पाडत बाहेर येतो. तिथे मोठ्या मापाचा, जास्त रुंद पाकळ्यांचा कॅम निवडायचा आणि खोलवर लावायचा. तरी पडणं टाळायचंच, असं धरून चालायचं.

आता दोराबद्दल. ३० मीटरच्या मार्गाला ६० मीटर दोर बरोबर पुरतो असं कागदावर दिसतं. तळ्याकाठी जमीन पाण्याकडे उतरती असते, त्यामुळे बिलेअर भिंतीच्या पायथ्याच्या खाली दोन-तीन मीटरवर उभा असतो, आणि तो फरक दोन्ही बाजूंनी मोजला जातो. म्हणून ७० मीटर बरोबर आहे. तरीही मोकळ्या टोकाला गाठ हवीच: दुहेरी ओव्हरहँड, टोक निदान ३० सेमी सोडून. लोअर करताना (आरोहकाला दोराने खाली उतरवताना) दोर संपून टोक डिव्हाइसमधून निघून जाणं हा अपघात जगभर पुन्हा पुन्हा होतो, आणि एका गाठीने तो टळतो. सगळ्यात सोपं म्हणजे तिसऱ्या माणसाने ते टोक ताडपत्रीला बांधून ठेवायचं.

दुसरं: दोर पाण्यात पडू देऊ नका. ओला नायलॉनचा दोर जड होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण झटका सोसायची त्याची ताकदही बरीच कमी होते. ओल्या दोरावर लीड करायचं नाही. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या जलरोधक चाचणीत उतरलेला दोर स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून कमी पाणी शोषतो. तळ्याकाठी तसा दोर असेल तर उत्तम. मात्र तो जुना झाला, टफच्या कणांनी घासला गेला की हा गुण कमी होत जातो.

उंचमाथा

भेगवेडी, कॅम यादीत घेतले. दोरवाला, एक विचारायचं होतं. चार जण दिवसभर टॉप रोपवर चढणार. दोर सरळ अँकरच्या रिंगमधून ओवायचा की स्वतःचे कॅराबिनर लावायचे?

दोरवाला

स्वतःचे कॅराबिनर, आणि तेही स्टीलचे. टफची बारीक रेती दोराच्या आवरणात अडकते आणि तोच दोर दिवसभर धातूवरून घासत राहतो. ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरमध्ये ठळक खाच पडते आणि खाचेची धार पुढे दोर कापते. रिंगमधून फक्त शेवटच्या माणसाने उतरायचं.

अँकर बांधताना दोन फांद्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांना प्रत्येक बोल्टवर भाराचा सुमारे ५८ टक्के वाटा येतो, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना पूर्ण १०० टक्के. म्हणजे दोन बोल्ट असून प्रत्येकावर पूर्ण भार. बोल्ट लांब लांब असतील तर स्लिंग मोठी घ्या, कोन आपोआप लहान होतो.

शेवटच्या माणसाचा क्रम असा. दोन बोल्टना लॅनयार्ड (हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला बांधलेला आखूड दोर) लावून त्यावर बसायचं. बिले चालूच ठेवायचा, “ऑफ बिले” अजिबात म्हणायचं नाही. हार्नेसजवळच्या दोराची घडी करून ती रिंगमधून ओवायची, घडीला फिगर ऑफ एट गाठ मारून लॉकिंग कॅराबिनरने हार्नेसच्या पुढच्या बिले लूपला लावायची. मग खालच्याला दोर खेचायला सांगून भार या नव्या जोडणीवर घेऊन बघायचा. भार नीट आला की मगच जुनी गाठ सोडायची, टोक रिंगमधून ओढून घ्यायचं, लॅनयार्ड काढायचा आणि खाली यायचं. या पद्धतीत दोर हातातून सुटून खाली पडायची शक्यताच राहत नाही आणि माणूस एक क्षणही बांधल्याशिवाय नसतो. घडी रिंगमध्ये मावत नसेल तरच दुसरी पद्धत.

वर जायच्या आधी दोघांनी जमिनीवर शब्द ठरवा: लोअर करणार की रॅपल करणार (स्वतः दोरावरून उतरणार). वाऱ्यात ३० मीटरवरून नीट ऐकू येत नाही, आणि खालच्याने गैरसमजाने बिले काढला की संपलं.

गंजतपासनीस

बोल्टबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मानकांनुसार नवा बोल्ट त्याच्या लांबीला आडव्या, म्हणजे भिंतीला समांतर दिशेने २५ किलोन्यूटन सोसायला हवा. पण ती ताकद घट्ट दगडात नीट बसवलेल्या बोल्टची. मऊ टफमध्ये धातू तुटायच्या आधी दगडच सुटतो. म्हणून अशा भिंतींवर लांब बोल्ट किंवा रेझिनमध्ये चिकटवलेले ग्लू-इन वापरतात. आखूड एक्सपान्शन बोल्ट (छिद्रात फुगून बसणारा) टफमध्ये दिसला तर संशय घ्या.

तपासायचं काय: हँगर (बोल्टवरची, कॅराबिनर लावायची पट्टी) हाताने फिरतो का, बोल्टवरचा नट सैल आहे का, बोल्टचं टोक प्रमाणाबाहेर बाहेर आलंय का, भोवती दगडाला भेगा आहेत का, खाली गंजाचा ओघळ आहे का. ग्लू-इन असेल तर रेझिन नखाने खरवडून बघा. ते भुगा होत असेल किंवा बोल्ट किंचितही हलत असेल तर तो सोडा. हँगर स्टेनलेस आणि बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेला, अशी जोडी असेल तर दोन धातूंमुळे बोल्ट आतून लवकर गंजतो.

गंधकाच्या वाफा असलेल्या तळ्याजवळ हे सगळं कितीतरी वेगाने होतं. बाहेरून चकचकीत दिसणारा स्टेनलेस बोल्टही आतून तडकलेला असू शकतो. अशा ठिकाणी टायटॅनियमचे ग्लू-इन हाच टिकाऊ उपाय मानला जातो. बोल्ट कधी आणि कशाचे बसवले ते स्थानिक आरोहकांना विचारल्याशिवाय लीड करू नका.

आणि तुमचं नायलॉनचं सामान: आम्लाने नायलॉन कुजतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वाफा येणाऱ्या भेगेजवळ दोर, हार्नेस, स्लिंग ठेवायची नाही. तळ्याचं पाणी आम्लधर्मी असेल तर त्याचा थेंबही दोराला लागू द्यायचा नाही. इंडोनेशियातल्या कावाह इजेनच्या तळ्याचा पीएच १ च्याही खाली आहे. हे टोकाचं उदाहरण, पण आम्लधर्मी तळी दुर्मीळ नाहीत.

नवीपकड

तंबू तळ्याच्या अगदी काठावर, भिंतीच्या पायथ्याशी लावला तर चालेल का? सकाळी लवकर चढायला सुरुवात करता येईल.

भूस्तर

नवीपकड, दोन कारणांनी नको.

एक, वरून दगड. ज्वालामुखी कड्याच्या माथ्यावर सहसा राख आणि स्कोरियाचा (लाव्हाच्या सच्छिद्र खड्यांचा) सुटा थर असतो. रात्री थंडीने आकसून, सकाळी उन्हाने तापून तो सुटत राहतो. पायथ्याशी ताजे, स्वच्छ कडांचे तुकडे पडलेले दिसले तर ती जागा दिवसाही टाळा.

दोन, वायू. ज्वालामुखीच्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत असतो. लाखर झेच्या पूर्व काठाला त्याचे बुडबुडे पाण्यात डोळ्यांनी दिसतात. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि त्याला वास नसतो. वारा नसलेल्या रात्री तो खोलगट जागी साठतो. हवेत तो ०.०४ टक्के असतो. ३ टक्क्यांच्या आसपास श्वास जोरात चालू लागतो, १० टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. उघड्या काठावर दिवसा याची काळजी नसते, कारण वारा तो पसरवतो. पण झोपायला खळगा, गुहा किंवा जुन्या खाणीचा तळ निवडायचा नाही. उंचवटा निवडा, जिथे वारा लागतो. मेलेले किडे किंवा पक्षी दिसले, गवत गोल ठिगळासारखं जळलेलं दिसलं, तर तिथून निघा. आगपेटीची काडी पेटवून हवा तपासायची पद्धत भरवशाची नाही. काडी विझण्याच्या बऱ्याच आधी हवा धोक्याची झालेली असते.

कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून २१ ऑगस्ट १९८६ ला खोल पाण्यात विरघळून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम बाहेर आला आणि सुमारे १७०० माणसं गेली. बहुतेक तळ्यांत असा साठा होत नाही, कारण थंड ऋतूत वरचं आणि खालचं पाणी मिसळतं आणि वायू थोडा थोडा निघून जातो. म्हणून प्रत्येक तळ्याला घाबरायचं कारण नाही. पण तिथे सूचनाफलक असेल तर तो शब्दशः पाळायचा.

सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल तर हायड्रोजन सल्फाइड आहे. तो वास अचानक ‘गेला’ तर बरं झालं असं समजू नका. जास्त प्रमाणात हा वायू नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर करतो.

पाणकाठ

दिवसाची आखणी मांडते, कारण दोनच दिवस असतात आणि चुकीच्या वेळी चुकीच्या भिंतीवर गेलं की अर्धा दिवस वाया जातो.

तळ्याकडे तोंड असलेल्या भिंतींचा हिशेब सोपा. तळ्याच्या पश्चिम काठावरच्या भिंतीचं तोंड पूर्वेला, तिथे सकाळचं ऊन. पूर्व काठावरच्या भिंतीचं तोंड पश्चिमेला, तिथे दुपारपर्यंत सावली. रात्री कड्यांवरून गार हवा घरंगळत तळ्यात उतरते, म्हणून पहाटे धुकं आणि दव असतंच. थंडीत सकाळी पश्चिम काठ घ्या, तिथला दगड आधी सुकतो. उन्हाळ्यात उलटं: सकाळी पूर्व काठ सावलीत, आणि ऊन आलं की पश्चिम काठ. काळा बसाल्ट दुपारी इतका तापतो की बुटाचं रबर मऊ पडून घसरतं. त्या वेळी त्यावर अवघड मार्ग घेण्यात अर्थ नाही.

साधारण दुपारकडे तळ्यावरून काठाकडे वारा सुरू होतो. खाली टाकलेला दोर तो आडवा नेतो आणि झुडपात किंवा खांबामागे अडकवतो. रॅपल दुपारनंतर असेल तर दोर फेकू नका, हार्नेसला दोन्ही बाजूंना लूप करून अडकवा आणि उतरता उतरता सोडत जा.

पाऊस पडला असेल तर टफवर निदान एक पूर्ण कोरडा दिवस जाऊ द्या, सावलीतली भिंत असेल तर दोन. दगड सच्छिद्र आहे. वरून कोरडा दिसतो, पण आत पाणी असतं आणि ओला टफ बराच कमजोर होतो. होल्ड तुटतात, बोल्टभोवतीचा दगडही कमकुवत होतो. पायथ्याची माती दोन बोटं उकरून बघा. आत ओली असेल तर भिंतही ओलीच धरा. बसाल्ट मात्र ऊन-वाऱ्यात काही तासांत चढण्याजोगा होतो.

पोहणं शेवटी ठेवा. पाण्याने बोटांची कातडी मऊ होते आणि टफच्या खरबरीत छिद्रांत सोलून निघते. पोहल्यावर तास-दीड तास तरी चढायचं नाही.

भेगवेडी

पाणकाठ यांना पूर्ण अनुमोदन. कड्यावरून तळ्यात उडी मारायचा मोह होतो, त्याबद्दल एक ओळ. कड्यांवरून पडलेले दगड पाण्याखाली पायथ्याशीच साठलेले असतात, आणि पाणी गडद असल्याने दिसत नाहीत. १० मीटरवरून पडलेला माणूस पाण्यावर ताशी सुमारे ५० किमी वेगाने आपटतो. पोहण्याचा मास्क लावून पाण्याखालून तपासलेल्या जागेशिवाय उडी नाही.

उंचमाथा

पिण्याचं पाणी तळ्यातून घेता येईल का? गाळणी आहे.

गंजतपासनीस

गाळणी आणि उकळणं जंतूंवर चालतं. ज्वालामुखी पाण्यात आर्सेनिक आणि फ्लोराइड विरघळलेलं असू शकतं, ते साध्या गाळणीने जात नाही, आणि उकळून पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर बरोबर न्या, किंवा पिण्यायोग्य म्हणून तपासलेला झरा शोधून ठेवा.

दोरवाला

सुटकेचं नियोजन राहिलं. खड्ड्यासारख्या कॅल्डेरात कड्यांमुळे फोनला रेंज बहुतेकदा मिळत नाही. कुठल्या जागी मिळते ते पहिल्या दिवशी पोहोचतानाच बघून ठेवा. काठावरून जखमीला न्यायचे रस्ते दोनच: वर कड्यापर्यंत किंवा बोटीने. न्यूझीलंडच्या ताउपो तळ्यावरच्या कावाकावा बे सारख्या ठिकाणी गाडी भिंतीपर्यंत जातच नाही. कुणाला बोलवायचं, कुठल्या वाटेने, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं. त्याच तळ्यावरची व्हांगानुई बे ची जमीन माओरी मालकीची आहे, तिथे परवानगी हा पहिला प्रश्न. शिट्टीची खूण: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा.

दोरावर बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला आधी खाली आणायचं, बाकीचं नंतर. लटकत राहणं हेच त्याच्यासाठी धोक्याचं असतं.

नवीपकड

बिलेअर हलकी आणि चढणारा जड असेल तर काय करायचं? काठावर उभं राहायला जागाही कमी असते.

दोरवाला

लीडर बिलेअरच्या साधारण १.४ पटीहून जड असेल तर तो पडल्यावर बिलेअर उचलली जाऊन पहिल्या बोल्टवर आपटू शकते. पहिल्या बोल्टला घर्षण वाढवणारं जादा उपकरण लावा. नसेल तर बिलेअरला मागे, खालच्या दिशेने जमिनीतल्या पक्क्या आधाराला बांधा, बांधणीचा दोर थोडा सैल ठेवून. पाण्यावरच्या अरुंद पायरीवर उभं राहून बिले द्यायचा असेल तर वजन काहीही असो, बांधायचंच. ओल्या, शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला की दोर सांभाळणारा हात आधी सुटतो. आणि चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, एक पाऊल बाजूला, भिंतीजवळ. टफच्या भिंतीवर छोटे तुकडे दिवसभर पडत असतात.

उंचमाथा

यादीत बदल केले: एकाच मापाचे जादा कॅम, अँकरसाठी स्टीलचे कॅराबिनर, जमिनीवरच्या अँकरसाठी स्लिंग, माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, सहा शिट्ट्या. टॉप रोप माथ्यावरून लावायचा असेल तर?

भेगवेडी

माथ्यावर पाऊल टाकायच्या आधी खाली कुणी नाही याची खात्री करा, स्कोरिया पायाखालून सरकतोच. कडेपासून तीन मीटरच्या आत जाणारा आधी मागे बांधलेला हवा. अँकर मागे असेल तर १० ते ११ मिमीच्या स्टॅटिक (फारसा न ताणणाऱ्या) दोराने तो पुढे वाढवा, म्हणजे स्टीलचे कॅराबिनर कडेच्या खाली लोंबतील आणि चढणारा दोर कडेला घासणार नाही. स्टॅटिक दोर जिथे कडेवरून वळतो तिथे जाड कापडाची किंवा पाइपची नळी घाला. बसाल्टच्या खांबाची ताजी कड असेल तर दोन थर घाला, आणि प्रत्येक दोन-तीन चढाईनंतर कुणीतरी वर जाऊन नळी सरकली नाही ना ते बघा.